तरंगता क्रूझ धक्का: पाँटून पहिल्या वर्गात, पूल काठावर पास

मोठ्या प्रवासी जहाजांसाठी तरंगता धक्का विकणाऱ्यांचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्या पानावर पाँटून, म्हणजे धक्क्याचा पोकळ तरंगता ठोकळा, असतो. लांबलचक, सपाट, चकाचक, शेजारी पांढरं शुभ्र जहाज. या मालाची पारख मात्र शेवटच्या पानापासून करावी. पूल, खांबांवरचे घसरपट्टे, बिजागऱ्या आणि झाकणं तिथे बारीक अक्षरांत असतात. पाँटून हा सगळ्या संचातला सर्वांत शहाणा भाग. तो आर्किमिडीजच्या भरवशावर चालतो आणि आर्किमिडीज रजेवर जात नाही. धक्का बंद पडतो तो जोडांवर. म्हणून या परीक्षणात गुण जोडांना आहेत, पाँटूनच्या देखणेपणाला नाहीत.

कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आत असेल आणि तळ आवाक्यात व टणक असेल, तर हा माल घेऊच नये. खांबांवरचा साधा धक्का स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षं फारसं मागत नाही. फरक चार मीटरच्या पुढे गेला की पारडं फिरतं. स्थिर धक्क्याला लागलेलं जहाज सहा तासांत चार-पाच मीटर खाली जातं. मग गँगवे, म्हणजे जहाजातून उतरायची फळी, एका दारातून काढून दुसऱ्यात लावा, दोर सैल करा, पुन्हा ताणा. जहाजाची धडक झेलणारे फेंडरही दुमजली भिंतीएवढे उंच लागतात. अलास्कातल्या जुनोमध्ये टोकाच्या उधाणाला हा फरक साडेसात मीटरच्या घरात जातो. तिथे २०१६ आणि २०१७ मध्ये एकामागून एक असे दोन तरंगते धक्के सुरू झाले. लिव्हरपूलला तर फरक दहा मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे तिथे तरंगते प्लॅटफॉर्म एकोणिसाव्या शतकापासून आहेत. त्यांतला एक, नुकताच जोडून होत आलेला, जुलै १८७४ मध्ये जळाला आणि १८७६ पर्यंत पुन्हा बांधावा लागला. आजचा क्रूझचा तरंगता धक्का २००७ चा.

दुसरं सबळ कारण म्हणजे खोली. मोनॅकोच्या बंदराच्या तोंडाशी समुद्र इतका खोल आहे की तळापासून भराव घालणं परवडलंच नसतं. तिथे ३५२ मीटर लांब आणि २८ मीटर रुंद काँक्रीटचा अर्धतरंगता बांध आणून बसवला. त्याच्याबद्दल पुढे.

तिसरं कारण वेळ. पाँटून लांबच्या गोदीत तयार होतो आणि ओढून आणता येतो, जागेवरचं काम थोडं राहतं. फॉकलंडमध्ये १९८४ साली बार्जा जोडून उभारलेला तरंगता धक्का ‘तात्पुरता’ म्हणूनच आला आणि पुढे कित्येक दशकं कामात राहिला. तेव्हा ‘तात्पुरता’ या शब्दावर विसंबून गंजरोधक रंगाचा एक हात कमी मारू नये.

एका गोष्टीपुढे मात्र ही तिन्ही कारणं निकामी ठरतात. ती म्हणजे लांब लाट. चार सेकंदांच्या वाऱ्याच्या लाटेची लांबी खोल पाण्यात साधारण २५ मीटर असते. १२० मीटरच्या पाँटूनखाली अशा पाच लाटा एकदम मावतात, एकमेकींचा जोर मारतात आणि धक्का जवळपास स्थिर राहतो. नऊ सेकंदांच्या लाटेची लांबी १२६ मीटर, म्हणजे थेट पाँटूनएवढी. ती आली की पाँटून एकदा मध्यावर उचलला जातो आणि एकदा दोन्ही टोकांवर. जहाज वेगळ्या तालात हलतं, पूल तिसऱ्याच. खाडीचं तोंड खुल्या समुद्राकडे असेल, तर वर्षभराच्या लाटांच्या नोंदी, त्याही उंचीबरोबर कालावधी दिलेल्या, हातात आल्याशिवाय निविदा काढू नये. नुसत्या ‘कमाल उंची ०.८ मीटर’ या आकड्याला इथे काडीचा अर्थ नाही.

पाँटून: काँक्रीट की पोलाद

हिशेबासाठी एक नमुना धरू. लांबी १२० मीटर, रुंदी १८, उंची ५, आतून पोकळ, लांबीत दहा आणि रुंदीत तीन असे तीस कप्पे. जहाज ३६० मीटरचं असलं तरी पाँटून तेवढा लांब लागत नाही. जहाजाची सपाट कूस मधल्या भागातच असते. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि मागचं टोक वेगळ्या डॉल्फिनांच्या, म्हणजे पाण्यातल्या सुट्या खांबसमूहांच्या, हवाली करायचे.

तळ आणि डेक २५ सेंटीमीटर जाड, आतले पडदे २० सेंटीमीटर, कोपरे आणि बोलार्डखालची (दोर बांधायच्या खुंटांखालची) जाडी धरून काँक्रीट सुमारे २,००० घनमीटर होतं. वजन ५,००० टन, त्यावर फेंडर, बोलार्ड, नळ, दिवे यांचे चारएकशे टन. असा पाँटून साधारण २.४५ मीटर बुडतो आणि २.५५ मीटर पाण्यावर राहतो. क्रूझ जहाजांची खालची दारं पाण्यापासून फार उंच नसतात, त्यामुळे एवढा फ्रीबोर्ड, म्हणजे पाण्यावरची उंची, गँगवेला सोयीचा पडतो.

आता गंमत बघा. हा पाँटून एक सेंटीमीटर आणखी बुडवायला २२ टन लागतात. हजार माणसं, सरासरी ८० किलोंची, डेकवर आली तरी तो साडेतीन सेंटीमीटरच खाली जातो. तीच हजार माणसं फोटोसाठी एका कडेला गोळा झाली, तर कल सुमारे ०.६ अंश आणि ती कड दहा सेंटीमीटर खाली. माणसांना ते जाणवतही नाही. कडेचा एक कप्पा पाण्याने भरला, तर त्या बाजूची कड पंचवीस-तीस सेंटीमीटर दबते. तेही चालतं. शेजारचे दोन कप्पे भरूनही डेक कोरडा राहिला पाहिजे, ही अट करारात लिहून घ्यावी. या सगळ्यांत पाँटूनला पैकीच्या पैकी.

गुण कापले जातात ते कारखान्यात. तीस कप्प्यांच्या भिंती, पडदे आणि दोन्ही लाद्या मिळून क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस मीटरच्या वर जातं. ओतताना फर्मा सगळीकडे फक्त एक सेंटीमीटर फुगला, तर जवळपास १९० टन जादा वजन आणि जवळपास नऊ सेंटीमीटर फ्रीबोर्ड गायब. वाळू किंवा खडी बदलली, घनता दोन टक्क्यांनी वाढली, तरी शंभर टन आणि साडेचार सेंटीमीटर गेले. म्हणून ओतकामाच्या प्रत्येक टप्प्यावर वजनाची वही ठेवायची, शेवटी एकदम हिशेब करायचा नाही. गोदीत पाणी सोडल्यावर चारही कोपऱ्यांवर फ्रीबोर्ड मोजायचा. कोपऱ्यांत पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर बॅलास्टने, म्हणजे तोल साधायला भरलेल्या वजनाने, झाकून मोकळं होण्याआधी वजन कुठे वाढलं ते शोधायचं.

काँक्रीट एम-५० प्रतीचं किंवा वरचं, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० च्या आत, सळईवर आवरण ५० मिलिमीटर आणि लांबीच्या दिशेने पोस्ट-टेन्शनिंग, म्हणजे काँक्रीट पिकल्यावर आतल्या पोलादी केबल ताणणं. केबल ताणल्याने काँक्रीट कायम दाबाखाली राहतं आणि लाटेच्या उचल-दाबीत भेगा उघडत नाहीत. पण केबल जिथे अडकवतात ती टोकाची भिंत नाजूक असते. सिअ‍ॅटलच्या तरंगत्या पुलासाठी बनवलेल्या पाँटूनांत २०१२ मध्ये भेगा सापडल्या त्या टोकाच्या भागांतच. आडव्या ताणाचा तिथे होणारा परिणाम रचनेत पुरेसा धरलेला नव्हता. दुरुस्तीला भरपूर पैसा गेला. तेव्हा विक्रेत्याकडून टोकाच्या भिंतींचं वेगळं गणित मागावं आणि ते नसेल तर उठून यावं.

पाँटून दोन तुकड्यांत आणून पाण्यात जोडणार असाल, तर जोडणीच्या दिवशी लाट ३० सेंटीमीटरच्या आत हवी. दोन्ही तुकडे बॅलास्टने एका पातळीत आणायचे, मध्ये रबरी गॅस्केट दाबायची, फटीतलं पाणी उपसायचं, न आकसणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गिलावा, भरायचा, तो पिकल्यावर केबल ताणायची. ग्राउट पिकण्याआधी तुकडे हलले तर तो जोड आयुष्यभर पाझरतो. शक्यतो एकाच तुकड्याचा पाँटून घ्यावा.

पोलादी पाँटून हलका, लवकर होणारा, डागडुजीला सोपा. पण त्याची एक खोड आहे. खांबावर पाण्याची रेघ दिवसभर वर-खाली फिरते, पाँटूनवर मात्र ती एकाच जागी राहते. ओलं-कोरडं, मीठ आणि हवा यांचा सगळा मारा वर्षानुवर्षं त्याच अर्ध्या मीटरच्या पट्ट्यावर. रंग तिथेच पहिल्यांदा सुटतो आणि पत्रा तिथेच पहिल्यांदा पातळ होतो. अ‍ॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे ठोकळे, पाण्याखालचा भाग वाचवतात, त्या पट्ट्याला त्यांचा उपयोग नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्याला सुक्या गोदीत न्यावं लागतं. त्या काळात जहाजं कुठे लावायची, याचं उत्तर आधी शोधा. आमचा कौल काँक्रीटला. पोलाद घ्यायचंच तर त्या पट्ट्यात तीन-चार मिलिमीटर जादा पत्रा मागून घ्यावा.

झाकणं

हा विषय छोटा दिसतो म्हणून वेगळा लिहिला. वॉशिंग्टन राज्यातल्या हूड कॅनालवरचा तरंगता पूल १३ फेब्रुवारी १९७९ च्या वादळात अर्धा बुडाला. त्याच राज्यातला लेसी मरो पूल २५ नोव्हेंबर १९९० ला दुरुस्ती चालू असताना बुडाला.  पाणी आत शिरलं ते मुख्यतः झाकणांतून आणि कामासाठी पाडलेल्या भोकांतून. तरंगत्या धक्क्याचं गोत्र तेच.

तेव्हा प्रत्येक कप्प्याला बोल्टने घट्ट बसणारं, गॅस्केटवालं झाकण हवं. डेकच्या पातळीत सपाट बसणारं झाकण ठेच लागू नये म्हणून बरं वाटतं, पण त्याच्या खाचेत पाणी साचतं आणि गॅस्केट कुजते. दहा-पंधरा सेंटीमीटर उंच कठड्यावरचं झाकण चांगलं, फक्त ते प्रवाशांच्या वाटेबाहेर ठेवावं. प्रत्येक कप्प्यात पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर आणि त्याची घंटा किनाऱ्यावरच्या खोलीत. सेन्सर बिघडला तर घंटा वाजली पाहिजे. गप्प बसणारा सेन्सर विकत घेऊ नये. नळ किंवा केबल एका कप्प्यातून दुसऱ्यात नेताना पडद्याला पाडलेलं भोक त्याच्याभोवती पाणी न झिरपणाऱ्या सीलने बंद केलंच पाहिजे. कामगारांनी घाईत पाडलेल्या आणि तशाच सोडलेल्या भोकांमुळे तीस कप्प्यांचा पाँटून प्रत्यक्षात पाच कप्प्यांचा होतो. कागदावर तो तीसचाच राहतो.

जागेवर धरणारी यंत्रणा

इथे वाऱ्याचा हिशेब केल्याशिवाय सुटका नाही. आजच्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजाची वाऱ्याला अडवणारी बाजू १५,००० चौरस मीटरच्या घरात असते. सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा कुशीवर आला की सुमारे ३७५ टन जोर. वेग २५ मीटर झाला की ५८५ टन. वेग पावपट वाढला, जोर दीडपटीच्या वर गेला.

जहाजाचे सगळे दोर पाँटूनच्या बोलार्डांना बांधले, तर हे ३७५ टन पाँटूनमार्फत खांबांवर जातात. सहा खांब धरले तर प्रत्येकी साधारण ६० टन. आता भरतीची वेळ घ्या. ओहोटीला ११ मीटर खोली, त्यावर साडेसात मीटर भरती, खांबाला धरणारं कडं पाण्यापासून अडीच मीटर वर आणि तळाखाली खांब घट्ट धरला जाईपर्यंत आणखी चार मीटर. खांब २५ मीटर लांबीच्या दांड्यासारखा वाकतो. दीड मीटर व्यासाच्या, २५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीत ताण ३५० मेगापास्कलपर्यंत जातो, म्हणजे नेहमीच्या स्ट्रक्चरल पोलादाच्या मर्यादेला जवळजवळ टेकतो. दोन मीटर व्यास आणि ३० मिलिमीटर जाडी घेतली की तोच ताण १६० वर येतो. माहितीपत्रकातल्या चित्रात खांब बारीक दिसत असतील, तर चित्रकाराने वारा धरलेला नाही.

यातून सुटण्याची चांगली वाट म्हणजे कामाची वाटणी. जहाजाला वाऱ्याविरुद्ध धरून ठेवणारे आडवे दोर वेगळ्या, तळात पक्क्या रोवलेल्या डॉल्फिनांना बांधायचे. पाँटूनवर फक्त फेंडरचा दाब आणि पुढे-मागे सरकणं रोखणारे स्प्रिंग दोर. याची किंमत अशी की डॉल्फिन स्थिर आणि जहाज तरंगतं, त्यामुळे त्या दोरांना भरतीबरोबर सैल-ताण करावंच लागतं. डॉल्फिन जहाजापासून दूर, ३५ ते ५० मीटरांवर ठेवले तर दोर लांब होतो आणि त्याचा कोन भरतीबरोबर कमी बदलतो. जागा नसेल म्हणून डॉल्फिन जवळ आणले, तर ओहोटीला दोर उभा चढतो, जहाजाला आडवं धरण्याचं बळ घटतं आणि बोलार्डवर उपट लागते.

खांबाच्या माथ्याची उंची हा हमखास चुकणारा आकडा. सर्वांत मोठी भरती, त्यावर वादळी फुगवटा, त्यावर पाँटूनवरच्या कड्याची उंची, पन्नास वर्षांत समुद्र चढेल तेवढं आणि शिवाय दीड मीटर. यांतला एखादा आकडा गाळला की एखाद्या वादळी रात्री पाँटून खांबांवरून अलगद निसटून मोकळा होतो. पण माथे उंच केले की ओहोटीला ते डेकच्या वर दहा मीटर उभे राहतात. म्हणून खांब किनाऱ्याच्या बाजूलाच असावेत. जहाजाच्या बाजूला उभा खांब म्हणजे लोंबत्या जीवनबोटींशी आज ना उद्या भांडण.

खांब आणि कडं यांच्यात अतिघन पॉलिथिलीनचे घसरपट्टे किंवा रबरी रोलर असतात. पट्टे घ्यावेत. रोलरच्या धुऱ्या खाऱ्या पाण्यात वर्षा-दोन वर्षांत आवळतात आणि मग रोलर न फिरता खांब घासत बसतो. पट्टा आणि खांब यांत फट २५ ते ५० मिलिमीटर. कमी ठेवली तर खांबावर वाढलेल्या शिंपल्यांनी ती भरते, पाँटून अडकतो आणि एका कोपऱ्यावर लटकून धाडकन सुटतो. जास्त ठेवली तर प्रत्येक लाटेला ठोका. पट्टे पाण्यात न उतरता, डेकवरून बोल्ट काढून बदलता येतात का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. बऱ्याच रचनांत येत नाहीत. खांबांवर ओहोटीच्या रेषेजवळ सूक्ष्मजीवांमुळे होणारा झपाट्याचा गंज हा वेगळा रोग आहे. त्याच्यासाठी पाणबुड्याकडून वर्षातून एकदा पत्र्याची जाडी मोजून घ्यावी.

खोली तीस मीटरच्या पुढे गेली की खांबांचा नाद सोडून साखळ्यांकडे वळावं लागतं. साखळीला तळावर लांब पसरायला जागा लागते आणि नेमक्या त्याच जागेत जहाजाचे पंखे फिरत असतात.

पूल: सगळ्यात कमी गुण

किनाऱ्याची जमीन सर्वांत मोठ्या भरतीपेक्षा दीड मीटर वर धरू. पाँटूनचा डेक पाण्यापेक्षा अडीच मीटर वर. म्हणजे भरतीला डेक किनाऱ्यापेक्षा एक मीटर उंच आणि ओहोटीला साडेसहा मीटर खोल. चाकाच्या खुर्चीला झेपणारा उतार १:१२. साडेसहाला बाराने गुणा: पूल ७८ मीटर. विक्रेता इथे ५२ मीटरचा पूल दाखवतो, कारण तो १:८ उतार धरतो आणि तळटीपेत ‘टोकाच्या ओहोटीला साहाय्य आवश्यक’ असं लिहितो. क्रूझच्या प्रवाशांत वयस्कर माणसं किती असतात हे त्यालाही माहीत असतं. ७८ मीटर परवडत नसेल तर मधल्या तरंगत्या आधारावर दोन तुकड्यांचा पूल करता येतो, पण मग बिजागऱ्या दुप्पट आणि कटकट तिप्पट.

ओहोटीला पूल तिरपा झाला की त्याची आडवी लांबी घटते. ७८ मीटरच्या पुलाला ही घट २७ सेंटीमीटर. त्यात पाँटूनचं स्वतःचं पुढे-मागे सरकणं मिळवा, तर पुलाच्या खालच्या टोकाला ऐंशी-नव्वद सेंटीमीटर मोकळी चाल हवी. ते टोक चाकांवर किंवा घसरपट्टीवर असतं आणि तिथली फट झाकायला बिजागरीची पोलादी जीभ. सगळ्या धक्क्यात माणसं ठेचकाळतात ती या जिभेवर. तिची कड १० मिलिमीटरपेक्षा जाड नको, पुढची धार उतरती हवी, पृष्ठभागावर खरखरीत लेप हवा. जाळीदार पोलादी तक्ते पाणी धरत नाहीत म्हणून पुलावर वापरतात. पण बाबागाडीची चाकं, काठ्या आणि उंच टाचा त्यांत अडकतात, शिवाय खालचं पाणी दिसून लोक थबकतात आणि मागे रांग तुंबते. भरीव तक्ते घ्यावेत.

यापेक्षा खोल दोष म्हणजे पीळ. पाँटून अर्धा-एक अंश डावी-उजवीकडे कलत राहतो. पुलाचं किनाऱ्याकडचं टोक जमिनीत पक्कं. दोन्ही टोकांना दोन-दोन बेअरिंग, म्हणजे पुलाचे टेकू, दिली, तर तो कल पुलाच्या सांगाड्यात पीळ बनून शिरतो. ट्रसचे, म्हणजे त्या त्रिकोणी सांगाड्याचे, सांधे वाकण्यासाठी तपासलेले असतात, पिळासाठी क्वचितच. काही हंगामांत वेल्डिंगच्या कडांना केसासारख्या भेगा येतात. उपाय सोपा आहे: खालच्या टोकाला मध्यावर एकच गोलाकार बेअरिंग आणि बाजूंना फक्त आडवे मार्गदर्शक. हे आराखड्यात आहे की नाही, ते एका नजरेत कळतं. नसेल तर पुलाचे निम्मे गुण तिथेच गेले.

साडेतीन मीटर रुंदीच्या अशा पुलाचं पोलाद शंभर टनांच्या आसपास जातं आणि त्यातलं अर्धं पाँटूनच्या किनाऱ्याकडच्या कडेवर बसतं. ते तोलायला समोरच्या कप्प्यांत कायमचा बॅलास्ट हवा. तो काँक्रीटचा किंवा दगडाचा असावा. पाण्याचा बॅलास्ट हेलकावतो, आतून गंजवतो आणि कप्प्यात ‘हे आपलं पाणी की गळतीचं’ हा वाद कायमचा लावून देतो.

फेंडर, नळ आणि वीज

फेंडर हे या मालाचं खरं सुख. पाँटून आणि जहाज एकत्र वर-खाली होतात, त्यामुळे फेंडर जहाजाच्या त्याच पट्ट्याला टेकून राहतो आणि उभी घसट जवळजवळ नसते. एक लाख टन वजनाचं जहाज सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने लागलं तर ऊर्जा ५०० किलोज्यूलच्या आसपास. १५ सेंटीमीटरने लागलं तर अकराशे. निवड अपघाती धडकेसाठी करायची, म्हणजे नेहमीच्या आकड्याच्या दीड ते दोन पट. अडीच-तीन मीटर व्यासाचे फोम भरलेले फेंडर चांगले, हवा भरलेले टाळावेत. जहाजाचा पत्रा किती दाब सोसतो तो आकडा जहाजमालकाकडून घ्यावा, अंदाजाने धरू नये. प्रवासी जहाजांच्या कुशीवर डाग पडला तरी पत्रव्यवहार होतो.

थ्रस्टरकडे, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांकडे, मात्र कुणी बघत नाही. ‘ओअ‍ॅसिस’ वर्गाच्या महाकाय क्रूझ जहाजाला पुढे साडेपाच मेगावॅटचे चार आडवे पंखे आहेत आणि मागे २० मेगावॅटचे तीन फिरते पॉड. हे पंखे पाँटूनच्या तळापेक्षा खोल असतात. त्यांचा झोत पाँटूनखालून सुसाट जातो आणि किनाऱ्याचा उतार किंवा खांबांचा पायथा उकरतो. खांबाभोवतीची दोन मीटर माती गेली की वरचा २५ मीटरचा हिशेब २७ चा होतो. दगडी अस्तर किंवा काँक्रीटच्या गाद्या पहिल्याच दिवशी घालाव्यात. जहाजं सुरू झाल्यावर तिथे काम करायला सलग दिवस मिळत नाहीत.

किनाऱ्यावरची वीज देण्यासाठी तरंगता धक्का उत्तम. जुनोमध्ये क्रूझ जहाजांना अशी वीज २००१ पासून मिळते आहे. पाँटूनवरून जहाजात जाणारी केबल भरतीने ताणली जात नाही. ११ किलोव्होल्टवर १६ एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) म्हणजे सुमारे ८४० अँपिअर. एवढी जाड केबल पुलाच्या दोन्ही टोकांना रोज दोनदा-चारदा वाकते. तिला मोठ्या घेराची, मोकळी लोंबती वळणं हवीत. खिळ्याने गच्च बांधलेली केबल बिजागरीपाशीच तुटते. पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या नळांना हाच नियम. थंड हवेच्या ठिकाणी त्यांत वाहतं पाणी किंवा गरम तार ठेवावी.

दोन वेगळ्या वाटा

नॉर्वेतल्या गेइरांगेरला २३६ मीटरची ‘सीवॉक’ नावाची घडीची तरंगती पायवाट आहे. जहाज नांगर आणि तळाला बांधलेल्या तरंगत्या बॉयांवर उभं राहतं, पायवाट उलगडत जाऊन त्याला भिडते, काम झालं की परत घडी. जहाजाचा जोर तिच्यावर येत नाही म्हणून ती हलकी आणि स्वस्त. निवांत खाडीत, फक्त चालत उतरणाऱ्या प्रवाशांसाठी झकास. ट्रक, सामान, वीज यांसाठी तिचा विचारही करू नये.

मोनॅकोचा बांध दुसऱ्या टोकाला. स्पेनमधल्या अल्हेसिरासच्या गोदीत बांधून २००२ मध्ये समुद्रातून ओढत आणला. किनाऱ्याकडचं टोक सुमारे ७७० टनांच्या पोलादी गोळ्याच्या सांध्यात बसवलं आणि दुसरं टोक साखळ्यांनी तळाला धरलं. पोटात गाड्यांचा तळ आहे. एवढ्या वस्तुमानाला लांब लाटही सहसा हलवत नाही, म्हणून वर सांगितलेली लाटांची अट याला लागू नाही. पूल आणि खांबांचा सगळा ताप त्या एका सांध्यात गोळा केला आहे, ही त्यातली हुशारी. पण हा माल यादीतून निवडून मागवता येत नाही.

ताबा घेताना

पैशांचा शेवटचा हप्ता चार चाचण्यांनंतरच द्यावा. उधाणाच्या आणि भांगाच्या अशा दोन्ही भरत्यांचं पूर्ण चक्र, रिकाम्या धक्क्यावर, जिभेची आणि घसरपट्ट्यांची चाल मोजत. पुलावर पूर्ण भार, तोही ओहोटीला. एक कप्पा मुद्दाम पाण्याने भरून कल मोजणं आणि त्याच वेळी घंटा वाजते का ते बघणं. चौथी, जहाज लागलेलं असताना वारा वाढला तर दोर सोडून निघायला किती मिनिटं लागतात ती. डॉल्फिनवर चालत जायला पूल नसेल, माणूस बोटीनेच पोहोचणार असेल, तर हा आकडा वाईट येतो. तिथे दुरून सुटणारे हूक लावून घ्यावेत. सुट्या भागांत घसरपट्ट्यांचा एक पूर्ण संच, पुलाचं एक बेअरिंग, झाकणांच्या तीस गॅस्केट आणि एक फेंडर धक्क्याबरोबरच गोदामात उतरवून घ्यावा. नंतर मागवलेला पट्टा येईपर्यंत हंगाम संपलेला असतो.